माझ्या खुर्चीपुरता बास

आमच्या हॉलची लांबी चौदा फूट आहे, रुंदी दहा आणि उंचीही जवळपास दहाच. बिल्डरने फ्लॅट विकताना हवा, उजेड, पाणी, पार्किंग या सगळ्याबद्दल तोंड भरून सांगितलं होतं. अशा मापाच्या खोलीत जाड आवाज कसा कोंडतो, हे काही त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी घर घेतलंच असतं म्हणा. नाशिकरोडकडे दुसऱ्या मजल्यावर, शाळेत जायला सोयीचं, विहार चालत पाच मिनिटांवर. आवाजाचा विचार करून घर घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरी स्पीकर लावत बसतो. या दुसऱ्या कामाला लोक छंद म्हणतात, बायको खूळ म्हणते. मला विचाराल तर त्यामागे एक राग होता. तो राग एका हँडबिलावरचा आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. दिवसा कारखान्यात काम, आणि जयंतीचे दिवस आले की पार्टीबरोबर गावोगाव. नांदगावपासून सटाण्यापर्यंत त्यांनी मांडवच्या मांडव वाजवून काढले. कार्यक्रमाची हँडबिलं निघायची. त्यावर गायकाचं नाव ठळक, खाली हार्मोनियमवाल्याचं जरा लहान, आणि सगळ्यात शेवटी दोन शब्द: आणि संच. आप्पा त्या संचात होते. सबंध हयातीत एकदाही त्यांचं नाव छापून आलं नाही. याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत, आणि मला त्यांच्या त्या न बोलण्याचाही राग यायचा.

आप्पा जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यांच्या वाजवण्याची एकच कॅसेट आमच्याकडे उरली. सटाण्याकडच्या एका गावातल्या कार्यक्रमाची. तिथल्या मंडळाच्या कार्यकर्त्याने टेपरेकॉर्डर नेमका ढोलकीशेजारी ठेवला, कारण विजेचा बोर्ड तिथे होता. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये गायक लांब कुठेतरी उभा आहे आणि आप्पांचा डावा हात अगदी कानापाशी. ढोलकीच्या डाव्या बाजूला धुम म्हणतात. थाप पडली की ती घुमते, आणि तळव्याने दाबली की तिचा सूर वर चढतो. आप्पांचा तो हात फार गोड होता. गायकाला हे रेकॉर्डिंग बिलकुल आवडलं नाही, म्हणून तर ती कॅसेट आमच्या घरी आली.

त्या कॅसेटवरून मी गाणी कॉम्प्युटरवर घेतली. चांगले स्पीकर घेतले, त्यांच्या जोडीला जाड आवाजासाठी, म्हणजे बाससाठी, वेगळा सबवूफर घेतला, आणि पहिल्यांदा त्यातलं एक गाणं हॉलमध्ये लावलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. दिवाणावर बसली. गाणं निम्म्यावर आलं असेल, तिचा हात मांडीवर ठेका धरू लागला.

"आले बघ तुझे आप्पा," ती म्हणाली.

आईला सत्तरी उलटल्यावर कमी ऐकू येऊ लागलं होतं. दाराची बेल वाजली तरी तिला कळायची नाही, कुकरची शिट्टीही नाही, पण खालून वाळूचा ट्रक गेला की ती पटकन म्हणायची, "मोठी गाडी गेली वाटतं." मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. त्यांनी तपासणी करून एक कागद दिला आणि सोप्या भाषेत सांगितलं, "यांना बारीक आवाज येत नाहीत, जाड अजून बऱ्यापैकी येतात." कागदावर एक रेघ होती, डावीकडे बऱ्यापैकी वर, आणि उजवीकडे घसरत गेलेली. मी तो कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला. डॉक्टरांनी दिलेलं यंत्र आईने चार दिवस लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाली, त्यात सगळी माणसं पत्र्यावर बोलल्यासारखी वाटतात.

तर ती दिवाणावर बसून ऐकायची आणि मी माझ्या खुर्चीत. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकून आहे. दिवाण तिच्यापुढे तीन-चार फुटांवर, बाजूच्या भिंतीला लावलेला. आईची बसायची जागा दिवाणाच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ, कारण तिथून गॅसवरचं दूध दिसतं. हे सगळं इतक्या तपशिलाने मी आज सांगतोय. तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझ्या खुर्चीत आवाज वाईट येतो. धुमेची प्रत्येक थाप फुगायची आणि तिच्याखाली गायकाचे शब्द गाडले जायचे. एक थाप विरायच्या आत दुसरी तिच्यावर येऊन पडायची. आप्पांचा तो मऊ हात माझ्या खुर्चीत लोहाराचा होऊन पोचत होता. माझं डोकं उठायचं.

मग मी वाचायला लागलो. इंटरनेटवर जगभरची माणसं याच दुखण्याने पछाडलेली आहेत. खोलीच्या भिंती ठरावीक जाड सूर फुगवतात, ठरावीक सूर खातात, आणि यावर उपाय इक्वलायझर. खोली काय करते ते माइकने मोजायचं, आणि जो सूर फुगतोय तेवढाच दाबायचा. मी मोजायचा माइक मागवला. लॅपटॉप जोडला. स्पीकरमधून एक सूर अगदी खालपासून वर चढत जातो, हूऽऽ करत, बोगद्यात गाडी शिरावी तसा, आणि स्क्रीनवर खोलीची रेघ उमटते. रविवारी सकाळी मी हे सुरू केलं की बायको कणीक मळता मळता बाहेर डोकवायची.

"अहो, हा हॉल आहे की प्रयोगशाळा?"

"दोन मिनिटं पंखा बंद कर," मी म्हणायचो.

पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. आईलासुद्धा मी आत पाठवायचो, कारण माणूस हलला की मोजणी बिघडते. माइक कुठे ठेवायचा, याबद्दल सगळीकडे एकच सांगितलेलं होतं: ऐकणाऱ्याच्या डोक्याच्या जागी. मी तो स्टँडवर चढवला आणि माझ्या खुर्चीत, माझ्या कानांच्या उंचीवर बसवला. ऐकणारा म्हणजे मी, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

ऐंशी हर्ट्झच्या आसपास डोंगर निघाला. ढोलकीची धुम साधारण तिथेच बोलते. मी तो डोंगर कापला. एकदम नाही, थोडा थोडा, कापायचा, मोजायचा, ऐकायचा, पुन्हा कापायचा. तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी रेघ जवळजवळ सपाट झाली. मी गाणं लावलं आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. गायकाचा शब्द न् शब्द सुटा झाला होता. धुमेवरची थाप पडत होती, उमटत होती आणि वेळेवर निघून जात होती. हात दाबून सूर चढवताना आप्पांचा तळवा चामड्यावर घासलेला ऐकू येत होता. इतक्या वर्षांनी मी आप्पांना त्या संचातून ओढून पुढे आणलं, असं मला वाटलं. मी फार खूश झालो. तो आनंद खोटा नव्हता, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना मी स्वतःवर फार चिडणार आहे.

मी आईला हाक मारली. ती येऊन तिच्या जागी बसली. मी गाणं सुरुवातीपासून लावलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिने मान जराशी पुढे काढली. मग जराशी वळवली. हात मांडीवर होता, तो तसाच राहिला. गाणं संपलं तेव्हा ती म्हणाली,

"यात तुझे आप्पा कुठं हायेत?"

"म्हणजे काय? आप्पाच तर वाजवतायत."

"गाणारा येतोय थोडा थोडा. ढोलकी नाय येत."

माझं डोकं सटकलं. तीन रविवार मी मान मोडून बसलो होतो. शाळेत दिवसभर पोरांना तेच ते सांगून घसा बसतो, घरी आलो तर इथेही तेच. मी म्हणालो, आणि हे वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं,

"आई, आता कुठे ते बरोबर झालंय. आधी नुसता गोंगाट होता. तुझे कान गेलेत, त्याला मी काय करू?"

ती दिवाणावरून उठली. मग म्हणाली, "असंल बाबा. कानच गेलं असंल." आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. दूध गॅसवर नव्हतंच.

त्यानंतर ती हॉलमध्ये गाणं ऐकायला बसली नाही. मी लावलं की ती आत तांदूळ निवडायची, नाहीतर विहारात जायची. माझ्या हे लक्षात आलं नाही, असं मी लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. लक्षात आलं होतं. मला वाटलं, बरं झालं, आता शांतपणे ऐकता येतं. दोन महिन्यांनी बहिणीचा फोन आला, कांदे काढायला माणसं लावलीत, पोरीची परीक्षा आहे, आईला थोडे दिवस पाठवतोस का. बहीण सटाण्याजवळच्या खेड्यात दिली आहे. आई लगेच तयार झाली. पिशवी भरताना तिने एकच गोष्ट मागितली, आप्पांच्या गाण्याचा पेन ड्राइव्ह.

"तुला ऐकू येत नाही ना?" मी विचारलं.

"पोरगी ऐकंल," ती म्हणाली.

महिन्याभराने मी तिला भेटायला गेलो. उन्हाळा होता. बहिणीच्या घरासमोर कांदा साठवायच्या चाळीत भरायचं काम चाललं होतं आणि सगळ्या अंगणाला त्याचा उग्र वास होता. मी आत शिरलो तर माझ्या कानावर जे पडलं त्याने मी दारातच थांबलो. आप्पांचं गाणं. पण काय हाल केले होते त्याचे! मेव्हण्याने कुठल्याशा बाजारातून आणलेला एक ढब्बू स्पीकर, त्यावर लाल-निळे दिवे लुकलुकणारे, धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर ठेवलेला, तोही खोलीच्या कोपऱ्यात. ढब, ढब, ढब. कोठी थरथरत होती. गायकाचा पत्ता नव्हता. एखाद्याने मुद्दाम बिघडवायचं ठरवलं असतं तरी इतकं बिघडलं नसतं.

आणि कोठीला खेटून, कोपऱ्यातल्या भिंतीला पाठ लावून आई बसली होती. एक हात कोठीवर पालथा. दुसरा मांडीवर ठेका धरत होता. डोळे मिटलेले.

बहिणीच्या सासूबाई मला पाणी देत म्हणाल्या, "तुनी माय हाई रोज आयकस."

रोज ऐकते. मी आईच्या समोर जाऊन बसलो. तिने डोळे उघडले, मला बघून हसली. गाणं संपू दिलं. मग मी जरा मोठ्याने म्हणालो, "आई, कसलं वाईट वाजतंय हे. आपल्याकडे किती स्वच्छ येतं."

"तुझ्याकडं सवच्छ येतं," ती म्हणाली. "पण तुझ्याकडं नुसता तो गाणारा गातो. इथं तुझे आप्पा वाजवतात."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तिला तसं मारायचं नव्हतं, ती आपली सहज बोलली. बहीण चहा घेऊन आली आणि हसत मला म्हणाली, "अरे, ही इथे आली तेव्हा म्हणत होती, माझे कान पार गेले, भाऊनं सांगितलं. पहिल्यांदा हे लावलं तर रडायलाच लागली. म्हणे, कान हायेत अजून."

मी चहा प्यायलो. मग आईच आपणहून सांगायला लागली. आप्पा घरी ढोलकी सुरात लावायला बसले की तिला आत चुलीपाशी बसवायचे. हातोडीने दोरीत खोचलेले लाकडी गट्टू ठोकायचे, थाप मारायचे आणि ओरडून विचारायचे, "आली का गं?" ती आतून सांगायची, आली, किंवा अजून जरा. तिने हो म्हटल्याशिवाय ते ढोलकी खोळीत घालायचे नाहीत. "म्हणायचे, वाजवणाऱ्याला त्याचं त्याला कळत नाय. लांब बसल्याला इचारावं." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी खाली बघितलं. माझ्या लहानपणी हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं असणार. मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

नाशिकला परत येताना बसमध्ये मला तो डॉक्टरांचा कागद आठवला. घरी पोचल्या पोचल्या फाइल काढली. डावीकडे वर असलेली रेघ, जाड सुरांची. आईला नेमकं जे ऐकू येत होतं तेच मी कापलं होतं. खोलीची रेघ वाचायला मी तीन रविवार दिले आणि आईची रेघ घडी घालून ठेवून दिली. बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तो माइक जरा त्यांच्या जागी ठेवून बघा की." एवढं साधं वाक्य. मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

माइक दिवाणाच्या कडेला, आईच्या कानांच्या उंचीवर ठेवला. सूर चढत गेला. ऐंशीच्या आसपास, माझ्या खुर्चीत जिथे डोंगर होता, तिथे तिच्या जागी खड्डा होता. इक्वलायझर बंद करून मोजलं तरी खड्डा, पण उथळ. म्हणजे त्या जागी आधीपासूनच धुम कमी येत होती. जी काही येत होती तेवढ्यात तिचं भागत होतं. मी वरून कापलं आणि तेवढीही गेली. ती खरं बोलत होती. त्या जागी बसलेल्या कुणालाही ढोलकी आली नसती, कान कितीही तरणे असोत. मी स्वतः जाऊन बसलो तेव्हा मलाही आली नाही.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी खड्डा भरायला घेतला. कापता येतं तर वाढवताही येतं, या हिशेबाने मी तिच्या जागेसाठी ऐंशीचा सूर चढवत नेला. थोडा चढवला, खड्डा तसाच. आणखी चढवला, तसाच. अॅम्प्लिफायर हात लावता येऊ नये इतका तापला. सबवूफरचा पडदा बाहेर फेकला जाईल की काय असं वाटायला लागलं. खिडकीची काच वाजत होती, माझ्या खुर्चीत तर बसवत नव्हतं, आणि दिवाणाच्या त्या कडेला मात्र ती धुम जेमतेम येत होती. दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. भला माणूस. हात जोडून म्हणाले,

"सर, काल दुपारी आमच्या मांडणीवरचे डबे वाजत होते. काही काम काढलंय का?"

"खड्डा भरतोय," मी म्हणालो. त्यांना वाटलं फरशीचं काम चाललंय. किती दिवस चालेल, असं त्यांनी विचारलं.

आणि हे मला माहीत होतं, हीच तर चिडायची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी खिडकीच्या गजाला दोरी बांधतो आणि दुसरं टोक धरून हलवतो. दोरीवर लाटा उभ्या राहतात. काही ठिकाणी दोरी वरखाली थडाथडा नाचते आणि काही ठिकाणी जागच्या जागी स्थिर असते. मी मुलांना सांगतो, बघा, मी कितीही जोर लावला तरी हा बिंदू हलणार नाही. गजावरून परत आलेली लाट आणि इथून गेलेली लाट तिथे एकमेकींना खातात. जोर वाढवाल तर दोघींचा वाढेल. मुलं वहीत आकृती काढतात, मी खाली लाल सही करतो. आणि घरी येऊन मी त्याच बिंदूवर जोर लावत बसलो होतो.

त्या खड्ड्यावर इक्वलायझरमध्ये उपाय नव्हता. उपाय होता तो तीन-चार फुटांवर होता. आईने माझ्या खुर्चीत बसायचं. बस. भिंतीला टेकलेल्या त्या खुर्चीत, जिथे खोली स्वतःहून धुम गोळा करून आणून देत होती, जिथे मी ती नको नको म्हणून कापून टाकली. माइक नको, लॅपटॉप नको, तीन रविवार नकोत. पहिल्या दिवशी मी उठून "आई, तू इथे बस" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. इतक्या वर्षांत तिने कधी त्या खुर्चीत बसायचा विचारही केला नाही, आणि मी तिला कधी बस म्हटलं नाही. ती सरांची खुर्ची होती. हँडबिलावर ज्यांनी आप्पांचं नाव घातलं नाही त्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. माझ्या घरात मी यापेक्षा काय वेगळं केलं होतं? मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी बहिणीला फोन केला, आईला पाठव. बहीण म्हणाली, कांदा चाळीत पडू दे. मग म्हणाली, पाऊस लागलाय, इतक्या चिखलातून तिला कुठे पाठवू. मग आईला ताप आला, आठ-दहा दिवस राहिला, अशक्तपणा आला. फोनवर आईशी बोलायचं म्हटलं तर तिला ऐकू यायचं नाही, मधे बहीण ओरडून सांगायची. मी म्हणायचो, तिला सांग, मी सगळं नीट केलंय. बहीण ओरडायची, "भाऊ म्हणतो, नीट केलंय!" मागून आईचा आवाज यायचा, "काय केलंय?" एकदा बहीण हळू आवाजात म्हणाली, "आता अगदी कानापाशी जाऊन बोलावं लागतं रे. तो स्पीकरही हल्ली लाव म्हणत नाही." मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं. तिथला स्पीकर भिकार आहे, इथे आली की येईल ऐकू, असं मी स्वतःला सांगत राहिलो. मी तेव्हाच जाऊन तिला घेऊन यायला हवं होतं. शाळेत तपासणी चालू होती, मग सहामाही परीक्षा आली. कारणं मला नेहमीच चांगली मिळतात.

दिवाळीच्या सुट्टीत तिला आणलं. वाळली होती. बायकोने तिच्या आवडीची मेथीची भाजी केली, ती जेवली, थोडी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी तिचा हात धरून तिला माझ्या खुर्चीशी नेलं.

"इथं?" तिने विचारलं. दिवाणाकडे बघितलं. "तू कुठं बसशील?"

मी खुणेने तिला बस म्हटलं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, लग्नकार्यात दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखी. मी तिच्या खांद्याला धरून तिला मागे नेऊन भिंतीला नीट टेकवलं. इक्वलायझर बंद केला. आवाज बऱ्यापैकी वर नेला, खालच्या काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. आणि गाणं लावून मी तिच्यासमोर दिवाणावर बसलो, तिच्या जागेवर.

माझ्याकडे धुम जेमतेम पोचत होती. पण तिच्याकडे काय पोचत असणार ते मला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी मान डोलवायला लागलो, मांडीवर ठेका धरला, तिला धीर यावा म्हणून. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिचीही मान हलायला लागली. मग हात उठला आणि खुर्चीच्या दांड्यावर पडायला लागला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला भरून आलं. मी डोळे मिटले आणि मान हलवत राहिलो. मनात म्हणालो, झालं एकदाचं.

मी डोळे उघडले तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खालून भाजीवाल्याची ओरड आली, स्पष्ट, कोथिंबीर, मेथी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाणं संपलंय. केव्हाच संपलं होतं, माझ्या डोक्यात तेवढं चालू होतं. हॉलमध्ये पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. माझी मान अजून हलत होती. आणि आई, डोळे माझ्या मानेवर लावून, ती हलेल तशी आपली मान हलवत होती, दांड्यावर हात मारत होती. मला थांबायचा धीर झाला नाही. थोड्या वेळाने तिलाच वाटलं असावं की आता एवढं पुरे. तिने हात थांबवला, पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली,

"आता बरोबर झालं बघ. आता काय बदलू नकोस."